दोन सोलेनॉइड, चार गिअर

पहिला गिअर : चालू, बंद.
दुसरा गिअर : चालू, चालू.
तिसरा गिअर : बंद, चालू.
चौथा गिअर : बंद, बंद.

१९८९ साली आलेल्या लेक्सस एलएस ४०० या गाडीत ए३४१ई नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. कोणता गिअर कसा पडायचा, हा त्याचा सगळा कारभार या चार ओळींत मावतो. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द एक नंबरच्या सोलेनॉइडचा, दुसरा दोन नंबरच्या. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारी छोटी दांडी. करंट दिला की दांडी ओढली जाते आणि ऑइल निसटून जायला एक बारीक वाट मोकळी होते. करंट तोडला की वाट बंद. वेटोळ्याचा रोध ११ ते १५ ओहम, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर जेमतेम एक अँपिअर करंट. एवढ्याशा करंटच्या हुकमावर चार लिटरच्या व्ही-८ इंजिनाची ताकद एका गिअरमधून दुसऱ्या गिअरमध्ये जाते.

यंत्रांच्या जगात ज्या थोड्या रचना मला निर्दोष वाटतात, त्यांत हे कोष्टक आहे. त्याची गोडी कळायची तर आधी गिअर टाकायचा निर्णय कोण घेत असे, ते पाहायला हवं.

पूर्वी तो ऑइलच घ्यायचं. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक दिला, तेव्हापासून पुढची चार दशकं पद्धत मुळात तीच राहिली. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर गव्हर्नर असे. शाफ्ट जितका जोरात फिरे तितकी गव्हर्नरची वजनं बाहेर फेकली जात आणि ऑइलचा दाब वाढे. हा वेगाचा दाब. दुसरा दाब अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेल्या व्हॉल्व्हमधून येई. ती चालकाची मागणी. दोन्ही दाब एका सरकत्या व्हॉल्व्हला दोन टोकांकडून रेटत. वेगाचा दाब वरचढ ठरला की व्हॉल्व्ह सरके आणि वरचा गिअर पडे. यात एकही वायर नाही, आणि तरी यंत्र अंदाज बांधतं, माघार घेतं, चालकाने पाय दाबला की खालचा गिअर देतं. या ऑइलच्या बुद्धीबद्दल मला मनापासून आदर आहे. मर्सिडीजने तिच्याच जोरावर ऐंशीचं दशक आणि नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध आपली सर्वांत मोठी गाडी चालवली.

पण त्या बुद्धीला दोनच गोष्टी कळत : गाडी किती वेगात आहे आणि पाय किती दाबला आहे. इंजिन गार आहे का, पाय ब्रेकवर आहे का, गिअर पडायला आत्ता सुरुवात झाली की तो पडून झाला, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नसे. हे पोचवण्यासाठी विजेची मदत घ्यायचे प्रयत्न रेनो आणि टोयोटा यांनी साठचं दशक संपता संपता सुरू केले होते. ते खऱ्या अर्थाने फळाला आले ऐंशीच्या दशकात, मायक्रोकॉम्प्युटर गाडीत बसवण्याइतका स्वस्त झाल्यावर. एलएस ४०० त्या दशकाच्या शेवटची. टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी १९८३ मध्ये जगातली सर्वोत्तम गाडी करायचं मनावर घेतलं, मुख्य अभियंते इचिरो सुझुकी यांनी ती तडीस नेली आणि जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती जगाने पाहिली. (लेक्सस भारतात अधिकृतपणे आली ती २०१७ मध्ये, त्यामुळे ही पहिली पिढी आपल्याकडे अधिकृतपणे विकली गेलीच नाही.)

आता त्या चार ओळींकडे पुन्हा या आणि सावकाश खाली उतरा.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना एक नंबर जसाच्या तसा आहे, दोन नंबर चालू झाला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दोन नंबर तसाच, एक नंबर बंद झाला. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना एक नंबर तसाच, दोन नंबर बंद झाला. प्रत्येक पायरीला एकच सोलेनॉइड आपली स्थिती बदलतो. दोन्ही एकदम बदलावे लागतील अशी पायरी रचनेत नाही.

हे इतकं मोलाचं का? समजा कोणी सरळ मोजणीच्या क्रमाने कोष्टक केलं असतं : बंद-बंद, बंद-चालू, चालू-बंद, चालू-चालू. मग दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना दोन्ही सोलेनॉइड एकाच क्षणी उलटे व्हायला हवेत. वेटोळी, दांड्या, ऑइल यांचा तो क्षण कधीच तंतोतंत जुळत नाही. एक जरासा आधी हलला की मधल्या निमिषात बंद-बंद तरी दिसणार किंवा चालू-चालू तरी. म्हणजे दुसरा आणि तिसरा यांच्यामध्ये पहिला किंवा चौथा गिअर डोकावून जाणार. एका पायरीला एकच अंक बदलणारी अंकांची मांडणी बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पेटंट १९५३ चं. ए३४१ईच्या चार ओळी त्याच मांडणीच्या आहेत.

यापुढची खुबी व्हॉल्व्हबॉडीत, म्हणजे ऑइलच्या वाटा आणि व्हॉल्व्ह असलेल्या ठोकळ्यात आहे, आणि मला ती सर्वांत जास्त आवडते. चार गिअरना तीन सरकते व्हॉल्व्ह लागतात : एक-दोनचा, दोन-तीनचा आणि तीन-चारचा. सोलेनॉइड मात्र दोनच. एक नंबरकडे फक्त दोन-तीनचा व्हॉल्व्ह दिलेला आहे. म्हणूनच तो खालच्या दोन गिअरना चालू आणि वरच्या दोन गिअरना बंद असतो. दोन नंबरकडे उरलेले दोन्ही. मग तो बंद झाला की कोणता व्हॉल्व्ह हलायचा? तो बंद असताना पहिलाही पडतो आणि चौथाही. हा पेच ऑइलनेच सोडवलेला आहे. दोन-तीनचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला सरकलेला असला, की त्याच्यातून निघालेला दाब एक-दोनच्या व्हॉल्व्हला जागच्या जागी जखडून ठेवतो. अशा वेळी दोन नंबरचा हुकूम तीन-चारच्या व्हॉल्व्हलाच लागू पडतो. खालच्या बाजूला असला की जखडला जातो तीन-चारचा व्हॉल्व्ह, आणि तोच हुकूम एक-दोनवर चालतो. तिसऱ्या सोलेनॉइडची गरज दाबाच्या एका वाटेने संपवली. विजेने निर्णय सांगावा आणि त्याचा अर्थ ऑइलने लावावा, अशी ही वाटणी आहे.

तीच काटकसर क्लचपर्यंत झिरपलेली दिसते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आत फक्त एक नवा ब्रेक पकडतो. आधीचं काही सोडावं लागत नाही, कारण तिथे एकाच दिशेने अडणारा वन-वे क्लच आहे आणि त्याच्यावरचा भार उतरला की तो आपसूक मोकळा फिरतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना एक नवा क्लच पकडतो, एवढंच. चौथ्याला पुढच्या ओव्हरड्राइव्हच्या संचात एक क्लच सुटतो आणि एक ब्रेक लागतो. वर कोष्टकात एका वेळी एक बदल, खाली लोखंडात एका वेळी नवी पकड एकच. वरची रचना आणि खालची रचना इतकी एकमेकींना धरून असलेली क्वचित पाहायला मिळते.

आता चौथी ओळ. बंद, बंद. हायवेवर गाडी तासन् तास ज्या गिअरमध्ये राहणार, त्या गिअरला या दोघांपैकी एकालाही करंट लागत नाही. पण यातला खरा शहाणपणा काटकसरीपलीकडचा आहे. गाडी ताशी सव्वाशेने चालली आहे आणि गिअरबॉक्सचा कनेक्टर निखळला, असं समजा. दोन्ही सोलेनॉइड बंद. बंद-बंद म्हणजे चौथा, आणि गाडी चौथ्यातच होती. चालकाला धक्का बसत नाही. कोष्टक उलटं असतं, बंद-बंद म्हणजे पहिला असता, तर तीच सुटलेली वायर त्या वेगात पहिल्या गिअरचा हुकूम ठरली असती.

एकेकटा बिघाडही तपासून पाहा. चौथ्यात चालताना कोणाचीही वायर तुटली तरी फरक नाही. तिसऱ्यात असताना एक नंबर गेला तर तो तसाही बंदच होता. दोन नंबर गेला तर चौथा पडतो, म्हणजे इंजिनाचे फेरे उतरतात. दुसऱ्यात असताना एक नंबर गेला तर तिसरा पडतो. खालचा गिअर पडेल अशी जागा एकच : दुसऱ्यात असताना दोन नंबर गेला तर पहिला पडेल. तिथेही ‘डी’मधला पहिला गिअर वन-वे क्लचच्या भरवशावर असल्याने चाकं पुढे पळाली तर तो मोकळा सुटतो आणि गाडीला खेचून धरत नाही. बिघाडाची प्रत्येक वाट चालून बघावी आणि ती सौम्य जागी संपावी, असं ज्याने बसून आखलं, त्याला गाडीतल्या माणसाची काळजी होती.

एवढं झाल्यावर हुकूम देणाऱ्या कॉम्प्युटरकडे वळू. त्याच्यापाशी दोन नकाशे आहेत, नॉर्मल आणि पॉवर. कन्सोलवरच्या बटणाने चालक त्यांतला एक निवडतो. प्रत्येक नकाशात अ‍ॅक्सिलरेटरच्या दर दाबाला किती वेगावर वरचा गिअर टाकायचा हे लिहिलेलं असतं. खालचा गिअर टाकायचा वेग मात्र वेगळा, मुद्दाम कमी ठेवलेला. हे अंतर ठेवलं नसतं तर चढावर वेग जरा इकडेतिकडे झाला, की गिअरबॉक्स तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसला असता. वेग मोजायला सेन्सर दोन आहेत. मुख्य सेन्सर गप्प झाला की राखीव सेन्सरवर काम चालतं. इंजिन गार असताना ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, दिला जात नाही. ब्रेकवर पाय पडला की टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांची थेट जोडणी, सुटतो. ऑइलच्या बुद्धीला जे कळत नसे, ते आता सगळं कळू लागलं होतं, आणि त्याचा उपयोगही नेमका केलेला आहे.

एक बारकावा तर डोळ्यांना दिसतच नाही, शरीरालाच कळतो. गाडी उभी असताना ‘एन’मधून ‘डी’मध्ये टाकली की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या मागून किंचित बसतात, कारण पहिल्या गिअरचा पूर्ण जोर एकदम मागच्या चाकांवर येतो. टोयोटाच्या या घराण्यातल्या गिअरबॉक्सना कॉम्प्युटर आधी वरचा गिअर देतो, क्षणभर थांबतो आणि मग पहिल्यावर आणतो. वरच्या गिअरमध्ये चाकांवर जोर कमी, म्हणून गाडी बसत नाही. ज्या हालचालीकडे कोणी तक्रार म्हणूनही पाहिलं नसतं, तिच्यासाठी हा एवढा वळसा घेतला आहे.

गिअर पडतानाच्या झटक्याचं काय? भरलेली घागर एका हातातून दुसऱ्या हातात देताना जो क्षण असतो, तोच इथे आहे : दुसऱ्याने पकडायला उशीर केला तर घागर सुटते, हिसकून घेतली तर पाणी सांडतं. नव्या क्लचने सैल पकडलं तर इंजिन मोकळं गुरगुरतं, एकदम पकडलं तर मानेला झटका बसतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये यावर अ‍ॅक्युम्युलेटर हा उपाय होता. ही स्प्रिंग आणि पिस्टन असलेली छोटी भांडी. क्लचकडे जाणाऱ्या ऑइलचा दाब एकदम चढू नये म्हणून थोडं ऑइल ती आपल्याकडे घेतात. ए३४१ईने ही भांडी ठेवली, पण त्यांच्या पाठीमागचा दाब आणखी एका सोलेनॉइडच्या हाती दिला. हा नुसता चालू-बंद होणारा नाही. करंट कमी-जास्त करून दाब कमी-जास्त करता येतो. आणि त्याच क्षणी कॉम्प्युटर इंजिनाचं इग्निशन किंचित मागे घेतो. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोघांचा कॉम्प्युटर एकाच पेटीत असल्यामुळे हे बोलणं आतल्या आतच होतं. इंजिन निमिषभर जोर सोडतं, क्लच हळुवार पकडतो, इग्निशन पूर्ववत होतं. पकड खरोखर कुठवर आली, हे ओव्हरड्राइव्हच्या क्लचचे फेरे मोजणारा स्वतंत्र सेन्सर सांगतो.

धक्का शोषून घेणारं काही बसवण्याआधी तो जिथे जन्मतो तिथेच मिटवायचा, हा सुझुकींचा या संपूर्ण गाडीसाठीचा आग्रह होता. इग्निशन मागे घेणं हा त्या आग्रहाचा सर्वांत देखणा दाखला, असं माझं मत आहे. त्या काळी अमेरिकेत गाजलेल्या जाहिरातीत रोलरवर चढवलेल्या या गाडीच्या बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला होता आणि वेग ताशी १४५ मैलांपर्यंत नेला तरी तो ढळला नाही. लोकांनी इंजिनाचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण त्या वेगापर्यंत पोचायचं तर मधे गिअरही बदलतात, आणि ग्लास त्या क्षणांतही उभे राहावे लागतात. आपल्याकडे एएमटी गाडीत दुसरा गिअर पडताना मान पुढे झुकते हे ज्यांनी अनुभवलं आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको.

इतकं सगळं विजेकडे सोपवूनही एक गोष्ट मुद्दाम सोपवली नाही. मुख्य ऑइलचा दाब किती असावा, हे अजूनही अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली एक साधी केबल ठरवते. पाय जितका दाबला तितकी केबल ओढली जाते आणि तितका क्लचवरचा दाब वाढतो. नंतरच्या काळात ही केबलही गेली आणि तिथेही सोलेनॉइड आले. मला मात्र या केबलपाशी थांबावंसं वाटतं. कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तरी क्लचला हवा तेवढा दाब मिळतच राहतो, घसरून जळायची वेळ त्याच्यावर येत नाही. कोणतं काम नव्याला द्यायचं आणि कोणतं जुन्याकडे राहू द्यायचं, हे ठरवण्यात इथे घाई केलेली नाही. केबल सैल झाली तर गिअर मऊ पडू लागतात आणि फार ताणली तर कडक; म्हणून तिची जुळणी मिलिमीटरात पाहावी लागते. हा या रचनेचा एक हट्ट समजावा.

उणं बोलायचं तर वयाचं. पस्तीस वर्षांनंतर अशा गाड्यांमध्ये आधी थकतात ते कॉम्प्युटरमधले कपॅसिटर. त्यांतून रस गळतो आणि सर्किटच्या पाटीवरचे तांब्याचे माग खातो. सोलेनॉइडची वायर उष्णतेने कडक होऊन तडकते. दिसताना मात्र दिसतं ते गिअरबॉक्सचं दुखणं : गिअर पडत नाहीत, गाडी उचलत नाही. आणि अनेक धडधाकट गिअरबॉक्स याच गैरसमजापायी उघडले जातात.

म्हणून या घराण्यातला जुना टोयोटा किंवा लेक्सस गिअरबॉक्स ज्यांच्या हाताखाली येईल, त्यांना एक सांगणं आहे. उघडण्याआधी डॅशबोर्डवरचा ओ/डी ऑफचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर इंजिनाजवळच्या चेक कनेक्टरमधले टीई१ आणि ई१ हे पॉइंट वायरने जोडा आणि लुकलुक मोजा : सहा आणि दोन म्हणजे एक नंबरचा सोलेनॉइड किंवा त्याची वायर, सहा आणि तीन म्हणजे दोन नंबर. मग मोकळ्या रस्त्यावर सोलेनॉइडचा कनेक्टर काढून गाडी चालवा. ‘एल’ला पहिला गिअर पडला पाहिजे, ‘२’ला तिसरा आणि ‘डी’ला चौथा, कारण दोन्ही सोलेनॉइड बंद असताना गिअर लिव्हरच ऑइलच्या वाटा बदलतो आणि हे तीन गिअर हाताने टाकता येतात. तिन्ही नीट पडले तर क्लच, ऑइल आणि व्हॉल्व्ह शाबूत आहेत. बिघाड सोलेनॉइडमध्ये, वायरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये शोधा. गिअरबॉक्स खाली उतरवू नका.